सीटखालची पिशवी

भुकूमहून पौड रस्त्याने मी कॉलेजला सायकलीवर येतो. गेल्या पावसाळ्यात, नेमके परीक्षेच्या दिवशी, भूगावच्या अलीकडे चाक पंक्चर झाले. सीटखालच्या पिशवीतून जादा ट्यूब मोठ्या ऐटीत काढली, तर तिलाच भोक! पाने आणि ट्यूब महिनोन्‌महिने एकाच पिशवीत खडखडत होती; पान्याच्या कडेने रबर घासून गेले होते. भिजलेल्या रबरावर ठिगळही बसेना. पेपरला अर्धा तास उशीर झाला.

तेव्हापासून ट्यूबमधली हवा पूर्ण काढून, व्हॉल्व्हला टोपण लावून ती घट्ट गुंडाळतो आणि जुन्या मोज्यात घालतो. (मोजा धुतलेला असावा, हे आईचे मत.) पाने फडक्यात बांधतो, त्यालाच पुढे हात पुसता येतात. सोल्युशनची नळी एकदा उघडली की आतल्या आत वाळते, म्हणून अधूनमधून दाबून पाहावी.

पिशवी सीटखालच्या दोन्ही दांड्यांना आवळावीच, पण तिसरा पट्टा सीटच्या खांबालाही हवा. नाहीतर पिरंगुटच्या घाटात खड्ड्याखड्ड्याला ती लोलकासारखी झुलते आणि एखादे दिवशी मागच्या चाकावर टेकते. पाठीवरच्या पिशवीत पाने नेऊ नयेत. पडल्यावर ते थेट मणक्याला लागतात. पंप मी सांगाड्यालाच बांधतो, रबरी पट्ट्याने.