ताटभर शांती

परोपकार म्हटला की आपल्याला एनएसएसचा कॅम्प आठवतो, नाहीतर रक्तदान शिबिर. ते हवंच. पण रोजच्या साध्या चांगुलपणाचं काय?

कॉन्व्हेंटमध्ये असताना सिस्टरनी आम्हाला लिझ्योच्या तेरेझाची गोष्ट सांगितली होती. मदर तेरेसांनी आपलं नाव हिच्यावरूनच घेतलं. फ्रान्समधली ही मुलगी १८८८ मध्ये, १५ व्या वर्षी मठात गेली आणि १८९७ मध्ये, २४ व्या वर्षी क्षयाने वारली. तिने दवाखाना, शाळा असं काही उभारलं नाही. मठात एक आजारी, किरकिरी, वृद्ध सिस्टर होती. रोज संध्याकाळी तिला सांभाळून जेवायला न्यायचं काम तेरेझाने आपणहून घेतलं. हळू चाललं तरी बोलणी, भरभर चाललं तरी बोलणी! पुढे तिच्या लक्षात आलं, म्हातारीला पाव कापायला त्रास होतो. मग ती रोज पाव कापून द्यायची आणि निघताना छान हसायची. म्हातारी विरघळली. आणि तेरेझाला? त्या दहा मिनिटांपुढे जगातली मेजवानीही फिकी वाटायची.

आमच्या विंगमधल्या एकीशी माझं कधीच पटलं नाही. सबमिशनच्या आठवड्यात ती तापाने पडली. मी मेसमधून ताट नेऊन दिलं. साधं थँक्ससुद्धा नाही! राग आला, पण दुसऱ्या दिवशीही नेलं. त्या रात्री कित्येक दिवसांनी शांत झोप लागली.

आशीर्वाद म्हणतात तो बहुतेक हाच. तुमच्या विंगमध्येही असं कोणीतरी असेलच. बघा, एक ताट नेऊन!