म्हाताऱ्या इंजिनाचीं औषधें

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहणाऱ्या आमच्या एका तरुण आप्तानें दोन वर्षांपूर्वीं एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. होडी तीस फूट लांब, बांधणी १९७० च्या सुमाराची, आणि तिच्या पोटांत तेवढ्याच वयाचें पर्किन्स ४-१०८ जातीचें डिझेल इंजिन. गेल्या शरद ऋतूंत एका संध्याकाळीं नदीच्या मुखाशीं येतां येतां वारा पडला; परंतु दिवसभराच्या वाऱ्यानें उठलेल्या लाटा शमल्या नव्हत्या, आणि ओहोटीही लागली होती. म्हणून त्यानें इंजिन सुरू केलें. चार हेलकावे बसले न बसले तोंच तें गुदमरून बंद पडलें. एका बाजूस वाळूचा दांडा व दुसऱ्या बाजूस खडक, अशा जागीं नांगर टाकून त्या पतिपत्नींनीं रात्र जागून काढली आणि पहाटेच्या भरतीबरोबर शिडावर होडी आंत आणली. धक्क्यावरील एका अनुभवी गृहस्थांनीं निदान केलें, "तुम्ही इंधनांत औषध घालीत नाहीं, म्हणून हें झालें." आमच्या आप्तानें दुकानांतून बाटली आणली, पण ती ओतण्यापूर्वीं आम्हांस पत्र लिहून विचारलें, "काका, ओतूं कीं नको?"

आम्ही कांहीं खलाशी नव्हे. तथापि प्रश्न जिवावरच्या प्रसंगांतून निघालेला असल्यामुळें त्याविषयीं जें मिळेल तें वाचलें, जाणत्यांस विचारलें, आणि जें पटलें तें येथें मांडीत आहों. विषय अगदींच परका आहे असेंही नाहीं. एकट्यानें व कोठेंही न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा प्रथम केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज दर्यावर्दीनें, १९६८-६९ सालीं. आणि त्याची 'सुहेली' ही बत्तीस फुटी सागवानी होडी आपल्या मुंबईसच बांधलेली होती. दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें ज्या 'म्हादेई'वरून एकट्यानें प्रदक्षिणा पुरी केली, तीही गोव्याचीच.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. डिझेलचें इंजिन ठिणगीवर चालत नाहीं. नळकांड्यांतील हवा दट्ट्यानें इतकी दाबली जाते कीं ती पांचशें अंशांच्याही वर तापते; त्या तापलेल्या हवेंत इंधनाचा बारीक फवारा सोडला कीं तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डीझेल यानें १८९७ सालीं जर्मनींत आउग्सबुर्ग येथें हें यंत्र यशस्वी करून दाखविलें, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत तर या जातीचें एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चाललें. म्हणजे हें यंत्र खाण्याच्या बाबतींत मोठेंसें चोखंदळ नाहीं. त्याचा हट्ट एकच : जें द्याल तें स्वच्छ द्या, आणि त्यांत पाणी व हवा यांचा शिरकाव होऊं देऊं नका.

शिडाच्या होडींत नेमकें हेंच साधणें कठीण असतें. आपल्या कोंकणांतील मच्छिमारी नौकेचें इंजिन हंगामांत रोजच्या रोज चालतें, टाकी भरते व रिकामी होते; इंधनाला नासावयास सवडच मिळत नाहीं. हौसेच्या शिडाच्या होडीचें इंजिन मात्र बंदरांत शिरतांना व निघतांना चालावयाचें, आणि हिवाळाभर मुळींच नाहीं. एकदां भरलेलें डिझेल टाकींत महिनेच्या महिने, कधीं वर्ष वर्ष पडून राहतें. टाकीचें तोंड असतें उघड्या डेकवर. त्याच्या झांकणाखालचें रबरी कडें कडक होऊन चिरलें कीं पावसाचें व लाटांचें पाणी थेंबथेंब आंत उतरतें. पाणी डिझेलहून जड, म्हणून तें तळाशीं बसतें; आणि जेथें पाणी व डिझेल यांची सीमा असते तेथें बुरशी धरते.

ही बुरशी म्हणजे निव्वळ अलंकारिक भाषा नव्हे. शास्त्रज्ञांनीं तिला हॉर्मोकोनिस रेझिनी असें नांव दिलें आहे; विमानांच्या टाक्यांतही तिनें पुष्कळ उपद्रव दिलेला आहे. खावयास डिझेल आणि राहावयास पाणी, एवढ्यावर तिचा संसार चालतो. लोणच्याच्या बरणींत ओला चमचा घालूं नये, आणि तेल फोडींच्या वर आलें पाहिजे, असा आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा कटाक्ष असतो, त्याचें मर्म इंजिनवाल्यांनीं अवश्य समजून घ्यावें. पाणी नाहीं तर बुरशी नाहीं. ती वाढली म्हणजे तळाशीं काळा, बुळबुळीत गाळ सांचतो. होडी स्थिर असतां तो निमूटपणें पडून राहतो, कारण इंधन ओढणारी नळी तळापासून थोडी वर असते. पण लाटा लागल्या कीं सारा गाळ ढवळून वर येतो, गाळणी तुंबते, आणि इंजिन उपाशी मरतें. तें हटकून बंदराच्या तोंडाशींच कां बंद पडतें, हें यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल. शांत पाण्यांत त्याला बंद पडण्याचें कारणच नसतें! बरें, गाळणी बदलली म्हणजे संपलें असेंही नाहीं. या जुन्या इंजिनांत नळ्यांमध्यें शिरलेली हवा पाना घेऊन एकेक स्क्रू सैल करून हातपंपानें बाहेर काढावी लागते. डोकें खालीं, पाय वर, आणि होडी डोलत असतां.

आतां बाटल्यांकडे पाहूं. बुरशी मारणारें जें औषध असतें तें खरोखरच गुणकारी आहे. परंतु तें मारतें, उचलून नेत नाहीं. मेलेली बुरशी गाळ होऊन खालीं बसते व जिवंत असतांना तुंबवी तशीच गाळणी तुंबविते. म्हणून घाणेरड्या टाकींत औषध ओतून लगेच समुद्रावर जाणें म्हणजे संकटाला बोलावणें पाठविणें होय. आधीं टाकी उपसावी, तळ पुसावा, मग औषधाची मात्रा द्यावी, आणि पुढील कांहीं तासांच्या प्रवासांत दोनतीन गाळण्या जवळ बाळगाव्या. शिवाय हें विष आहे; हातमोजे घातल्यावांचून त्यास शिवूं नये.

पाण्यावरचीं औषधें दोन परस्परविरुद्ध जातींचीं असतात, आणि दुकानांत तीं शेजारींशेजारीं मांडलेलीं असतात, ही मोठी गंमत आहे. एक जात पाण्याला डिझेलपासून वेगळें पाडून खालीं बसविते, म्हणजे तें गाळणीच्या तळच्या वाटींतून काढून टाकतां येतें. दुसरी जात पाण्याचे सूक्ष्म कण करून तें डिझेलांतच मिसळून टाकते, कीं तें इंजिनांतून जळून जावें. हें दुसरें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. पाणी मिसळलेलें इंधन पंपाच्या नाजुक भागांस गंज चढवितें व फवाऱ्याच्या तोंडाची खराबी करितें. लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडूं नये, तें याकरितांच.

वंगणाचा प्रश्न थोडा निराळा आहे, आणि त्यांत तथ्यही आहे. धूर कमी व्हावा म्हणून डिझेलमधील गंधक काढूं लागले. अमेरिकेंत २००६ पासून रस्त्यावरच्या डिझेलांत तें दहालक्ष भागांत १५ भागांवर आणलें, युरोपांत २००९ पासून १० भागांवर. आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून १० भाग हीच मर्यादा आहे. गंधक स्वतः वंगण नव्हे. पण तें काढण्याच्या क्रियेंत वंगणाचें काम करणारीं इतर द्रव्येंही निघून जातात. स्वीडनमध्यें १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत असें इंधन आलें तेव्हां पंप झिजल्याचीं उदाहरणें घडलीं. आमच्या आप्ताच्या इंजिनावर असतो तसा फिरता पंप सर्वस्वीं डिझेलच्याच वंगणावर जगतो, त्यामुळें त्याची काळजी रास्त होती. मात्र या अनुभवानंतर तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतून बाहेर पडण्यापूर्वीं किंवा त्यानंतर लगेच डिझेलांत वंगणद्रव्य घालूं लागले. युरोपच्या नियमाप्रमाणें कसोटींत झिजेचा व्रण एक मिलिमीटरच्या सहस्रांशांत ४६० हून मोठा होतां कामा नये. वनस्पतिजन्य डिझेलचा शेंकडा एकदोन भागही पुरेसा वंगणगुण आणतो, आणि तिकडील पंपावरच्या डिझेलांत तो सातपर्यंत असूं शकतो. तेव्हां नामांकित पंपावर घेतलेल्या ताज्या डिझेलांत वंगणाची बाटली ओतणें हें पोट भरल्यावर पुन्हां पान मांडण्यासारखें आहे.

मात्र त्याच वनस्पतिजन्य भागाचे दोन दुर्गुण आहेत : तो हवेंतील ओल शोषून घेतो, आणि जुन्या जातीच्या रबरी नळ्या मऊ करून सोडतो. यावर कोणत्याही बाटलींत उपाय नाहीं. नळ्या नव्या जातीच्या घालाव्या. ज्वलन सुधारणारीं द्रव्यें तर या इंजिनांस लागतच नाहींत, कारण ज्या काळीं तीं घडलीं त्या काळच्या इंधनाहून आजचें इंधन या गुणांत बहुधा सरसच असतें.

हें सर्व आम्हीं कळविलें. आप्तानें टाकीचें वरचें झांकण काढून तळ पाहिला तों बोटभर काळा चिखल! तो सर्व उपसून बंदरावरील टाकाऊ तेलाच्या पिंपांत टाकला, डेकवरच्या झांकणाचें रबरी कडें बदललें, गाळणीच्या अलीकडे पाणी वेगळें करणारी दुसरी मोठी गाळणी बसविली, आणि मग बुरशीनाशक औषधाची एकच मात्रा दिली. टाकी पूर्ण भरून हिवाळ्याकरितां होडी बांधून ठेवली. यंदाच्या उन्हाळ्यांत दोनदां गाळण्या उघडून पाहिल्या. पहिल्या खेपेस थोडी काळी किटण निघाली, दुसऱ्या खेपेस कांहीं नाहीं. दुकानांतून आणलेली पहिली बाटली पाणी मिसळविणाऱ्या जातीची निघाली. ती त्यानें न उघडतां परत केली.