आवाज येतो, चित्र नाही! लग्नाची जुनी सीडी आणि मोबाइलचा व्हिडिओ संगणकावर का अडतो?

धाराशिव : वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची व्हीसीडी, घरच्या जागरण-गोंधळाचे चित्रीकरण किंवा मोबाइलवर काढलेला बारशाचा व्हिडिओ संगणकावर लावला आणि पडदा काळाच राहिला, असा अनुभव अनेकांना येतो. काही वेळा चित्र हलते. पण आवाज नसतो. फाइल खराब झाली असे समजून ती डिलीट केली जाते किंवा सीडी फेकून दिली जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा फाइल शाबूत असते, अडचण प्लेअरची असते.

फाइल म्हणजे डबा

‘एमपी४’, ‘एव्हीआय’, ‘एमकेव्ही’ ही नावे डब्याची आहेत. त्या डब्यात चित्र आणि आवाज वेगवेगळे भरलेले असतात आणि दोन्हींची जागा कमी व्हावी म्हणून ते ठराविक पद्धतीने दाबून बसवलेले असतात. ही पद्धत म्हणजे कोडेक. प्लेअरला आवाजाची पद्धत उलगडता आली, पण चित्राची आली नाही, तर आवाज ऐकू येतो आणि पडदा काळा राहतो. म्हणूनच फाइलचे नाव ‘एमपी४’ करून काही साधत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलते, आतला माल तोच राहतो.

नव्या मोबाइलची अडचण

आयफोनमध्ये 2017 पासून आणि अनेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये ‘एचईव्हीसी’ ही नवी पद्धत वापरली जाते. तिच्यामुळे फाइल लहान होते. मात्र विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला त्यासाठी वेगळी जोड लागते. त्यावर सोपा उपाय म्हणजे व्हीएलसी प्लेअर. पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या 1996 च्या प्रकल्पातून तो उभा राहिला आणि 2001 पासून सर्वांसाठी खुला आहे. तो मोफत आहे आणि बहुतेक कोडेक त्यात आधीच असतात.

आधी दोष कुठे ते शोधा

• तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये लावा. चालली तर दोष पहिल्या प्लेअरचा.
• त्याच प्लेअरमध्ये दुसरी फाइल लावा. तीही चालली नाही तर दोष प्लेअरचा किंवा संगणकाचा.
• आवाज कशालाच नसेल तर घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कोणत्या उपकरणाकडे चालला आहे ते पाहा. एचडीएमआय वायरने टीव्ही जोडला असेल किंवा ब्लूटूथ हेडफोन चालू असेल तर आवाज तिकडे जातो.
• मोबाइलवरून किंवा पेनड्राइव्हवरून घेतलेल्या फाइलचा आकार मूळ फाइलशी जुळवून पाहा. लहान असेल तर कॉपी अर्धवट झाली आहे.

अडखळत चालत असेल तर

फाइल थेट पेनड्राइव्हवरून किंवा सीडीवरून न लावता आधी हार्डडिस्कवर कॉपी करा. 4के व्हिडिओ जुन्या संगणकाला झेपत नाही. तो कमी रिझोल्यूशनमध्ये रूपांतरित करावा लागतो. चित्र हिरवे, चौकटी-चौकटींचे दिसत असेल तर व्हीएलसीच्या सेटिंगमधील ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ बंद करून पाहा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर व्हीएलसी चालू असताना कीबोर्डवरील ‘के’ दाबल्यास आवाज मागे सरकतो आणि ‘जे’ दाबल्यास पुढे येतो. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा भलतीच अक्षरे दिसल्यास सबटायटलचे एन्कोडिंग ‘यूटीएफ-8’ करा आणि देवनागरी असलेला फॉन्ट निवडा.

चित्रीकरण सुरू असताना बॅटरी संपली तर ‘एमपी४’ फाइल उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका सर्वांत शेवटी लिहिली जाते. आतले चित्रीकरण बऱ्याचदा शिल्लक असते. अशा वेळी मेमरी कार्ड फॉरमॅट करू नये, त्यावर नवे चित्रीकरणही करू नये. फाइलची प्रत काढून ती दुरुस्त करून घ्यावी.

जुनी सीडी वाचवायची आहे?

व्हीसीडीत साधारण 74 मिनिटे मावतात, म्हणून एका लग्नाच्या दोन-तीन सीडी असतात. संगणकात सीडी उघडल्यावर ‘एमपीईजीएव्ही’ या फोल्डरमध्ये ‘डीएटी’ नावाच्या मोठ्या फाइल दिसतात. त्या हार्डडिस्कवर घ्या. व्हीएलसीमध्ये त्या चालतात. डीव्हीडी मात्र विंडोज 8 पासून विंडोजच्या प्लेअरमध्ये चालत नाही, तिलाही व्हीएलसीच लागतो. सीडी पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. एका ड्राइव्हमध्ये कॉपी अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये प्रयत्न करा.

उतरवलेल्या फाइलच्या दोन प्रती करून त्यातली एक दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे ठेवावी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा भूकंप सोसलेल्या सास्तूर परिसराला हे वेगळे सांगायला नको. एकमेव प्रत घरात असेल तर घराबरोबर तीही जाते.

‘कोडेक डाउनलोड करा’पासून सावध

‘हा व्हिडिओ पाहण्यासाठी कोडेक डाउनलोड करा’ अशी चौकट एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर आली तर ती बंद करा. व्हायरस पसरवण्याची ही जुनी युक्ती आहे. व्हीएलसी फक्त व्हिडिओलॅनच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यावा. प्लेअरसाठी कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर देऊ नये. फसवणूक झालीच तर 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तातडीने तक्रार नोंदवता येते.