गळ्यात माळ, हातात मलिदा

फेब्रुवारीतली दुपार. पहाटेच्या थंडीत घातलेलं स्वेटर आता कमरेला आहे. परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या रस्त्यावर ऑटोवाले लांबच उतरवतात. पुढं पाय आपले, चाल गर्दीची. धूळ. भोंग्यावर हरवलेल्या पोराच्या लाल शर्टाचं वर्णन, आधी मराठीत, मग हिंदीत. रेवड्यांचे ढीग, नारळ, ऊद. पाठीमागं आकाशपाळणा करकरतो.

रांग मुंगीच्या पावलानं सरकते. पुढचा तरुण कपाळावरच्या अष्टगंधावरनंच रुमाल बांधतो. त्याच्यापुढं नऊवारीतली मावशी, गळ्यात तुळशीची माळ, कडेवर नातू. हातातल्या डब्यात मलिदा. घरच्या पोळ्यांचा चुरा, गूळ, तूप.

"सासूबाई कंदुरी करायच्या. बकरं पडायचं," ती सांगते. "मी माळ घातली. मग पीरबाबाला म्हणलं, आता गोडावर भागव."

कोणाला विचारलंत का?

"इचारायचं कोणाला? त्याचं अन् माजं हाय ते."

मजारीवर डोकं टेकवणं चूक मानणारे मुसलमान आहेत, पिराचा प्रसाद न घेणारे माळकरीही. या रांगेत ते नसावेत. रांग मात्र वळणाच्या पलीकडं गेली आहे. 2011च्या जनगणनेत तीन लाख सात हजारांचं हे शहर. त्यात आज गावोगावच्या यष्ट्या रिकाम्या होताहेत. शंभरावर वर्षांचा हा उरूस दरसाल 2 फेब्रुवारीला लागतो आणि पंधरवडाभर चालतो. हिजरी वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागं सरकतं, पंचांगात अधिक मास घुसतो. इथली तारीख भिंतीवरच्या साध्या कॅलेंडरची. तिथी कोणालाच विचारावी लागत नाही. हुरडा सरत आला की उरूस.

उंबऱ्यापाशी डबा मुजावरांच्या हाती जातो. ते फातिहा पुटपुटतात. मावशीचे ओठही हलतात; मला त्यातलं 'विठ्ठल' तेवढं ऐकू येतं. त्यांचं आधी संपतं. तिचं होईपर्यंत ते डबा धरून उभे राहतात. मग मोरपिसांचा झाडू नातवाच्या डोक्यावरून फिरतो. पोरगं शिंकतं.

बाहेर ती चिमूटभर मलिदा माझ्या तळहातावर ठेवते. स्वतः घेत नाही.

हलवा-पराठ्याच्या दुकानात कढई उसळते आहे. बैलगाडीच्या चाकाएवढा पराठा फाडून तराजूत पडतो. "कशात तळलंय?" मावशी विचारते. दुकानदार माळेकडं बघतो. "डालडा है मौसी. नक्को डरो."

पावशेर बांधून घेते. तो वरून एक गरम तुकडा पुढं करतो.

"मला नगं बाबा, एकादशी हाय. लेकरांला नेते."

"उपास है?" तुकडा नातवाच्या हातात जातो. झारा उचलून तो शेजारच्या गाड्याकडं दाखवतो. "तो केले लेव ना मौसी. अच्छे पके सो हैं."