थंडी जमिनीतून येते

नोव्हेंबर लागला की ट्रेकर मंडळींची खरेदी सुरू होते. कोणती स्लीपिंग बॅग शून्याखाली टिकेल, कोणता तंबू हलका, यावर तासन्‌तास खल चालतो. मॅटचा विषय मात्र ‘ती काय, कुठलीही घेऊ’ एवढ्यावर मिटतो. मग डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या कातळावर महागड्या बॅगेतही पहाटे तीनला जाग येते. पाठ आणि कंबर गारठलेली असते, कूस बदलून बदलून जीव थकतो आणि सगळा दोष बॅगेला दिला जातो. बहुतेक वेळा तो बॅगेचा नसतो.

स्लीपिंग बॅगेत ऊब धरून ठेवते ती भरावात अडकलेली हवा. अंगाखालचा भाग आपल्याच वजनाने चेपला जातो, हवा निघून जाते आणि तिथे जेमतेम दोन पदरी कापड उरतं. त्याखालचा कातळ रात्रभर आपल्या अंगातली उष्णता ओढत राहतो. आपल्या उबेने तो तापेल, अशी आशाच नको. बॅगेवर छापलेला तापमानाचा आकडासुद्धा ती उबदार मॅटवर ठेवून केलेल्या चाचणीतून आलेला असतो. खाली तशी मॅट नसेल तर तो आकडा तुमच्या उपयोगाचा नाही.

म्हणून मॅट घेताना पहिला प्रश्न मऊपणाचा नाही, उबेचा असावा. त्यासाठी एक मोजमाप आहे, आर-व्हॅल्यू. मॅट एका गरम आणि एका थंड पट्टीमध्ये दाबून ठेवतात आणि गरम पट्टीचं तापमान टिकवायला किती ऊर्जा लागते ते मोजतात. जितकी कमी ऊर्जा लागेल तितकी आर-व्हॅल्यू जास्त. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा काढायची, त्यामुळे दोन कंपन्यांच्या मॅटची तुलनाच होत नसे. 2018 मध्ये यासाठी एएसटीएम एफ 3340 हे प्रमाण ठरलं आणि आता नावाजलेल्या बहुतेक कंपन्या ते पाळतात. ढोबळमानाने, उबदार रात्रींसाठी 2 पर्यंतची आर-व्हॅल्यू पुरते, हवेत गारठा असेल तर 2 ते 4, आणि शून्याखालच्या रात्रींना किंवा बर्फावर 5 च्या पुढची हवी. ज्यांना मुळातच थंडी जास्त वाजते त्यांनी एक पायरी वरची घ्यावी.

सह्याद्रीपुरतं बोलायचं तर माझं मत स्पष्ट आहे: फोमची मॅट घ्या. लेण्यांच्या ओबडधोबड फरशीवर, बोरी-बाभळीच्या काट्यांत, कुसळांच्या गवतात तिचं काही बिघडत नाही. तिला भोक पडलं तरी ती मॅटच राहते, कारण तिच्यात हवा असते ती लाखो बंद बुडबुड्यांत. सॅकच्या बाहेर बांधली, पावसात भिजली, तरी फडक्याने पुसून अंथरता येते. दुपारी बसायला, स्वयंपाक करताना गुडघ्याखाली घ्यायला, जखमी माणसाला आडवं करायला तीच कामी येते. बाजारात साधी गुंडाळीची मॅट काहीशे रुपयांत मिळते. घडी पडणाऱ्या, वर चकाकता थर असलेल्या मॅट महाग असतात, पण जास्त उबदारही असतात. थर्म-अ-रेस्ट या ब्रँडच्या झी लाइट सोल मॅटचं उदाहरण घ्या: वजन 410 ग्रॅम आणि आर-व्हॅल्यू 2. घडीच्या मॅटची चकाकती बाजू वर, अंगाकडे ठेवायची. वर्षानुवर्षं वापरून फोम चपटा होतो आणि त्याबरोबर ऊबही कमी होते. जुनी मॅट हातात घेऊन खांद्या-कमरेच्या जागी चिमटीत दाबून पाहा. तिथे ती कडेपेक्षा पातळ लागत असेल तर तिला आता बसायलाच वापरा.

फोमचा एकच मोठा दोष, तो टणक असतो. पाठीवर झोपणाऱ्याला चालून जातं. कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन खांदा आणि नितंबाच्या हाडावर येतं आणि दीड-दोन सेंटिमीटरचा फोम तिथे तळाला टेकतो. अशा माणसाने सात सेंटिमीटर किंवा त्याहून जाड हवेची मॅट पाहावी.

हवेच्या मॅटचे दोन प्रकार. पहिली आपोआप फुगणारी. तिचा जन्म अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमधला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बोइंगमध्ये मोठी कपात झाली. तिथून नोकरी गेलेले अभियंते जिम ली आणि नील अँडरसन यांनी जॉन बरोज या गिर्यारोहक मित्रासोबत तिच्यावर काम केलं. बागकामात गुडघ्याखाली घ्यायच्या फोमच्या तुकड्यातून दाबल्यावर हवा निघते, हे लीच्या लक्षात आलं होतं. ती हवा आत कोंडता आली तर? त्यांनी मोकळ्या छिद्रांचा फोम हवाबंद कापडात चिकटवला आणि त्याला झडप बसवली. थर्म-अ-रेस्ट ही मॅट अशी तयार झाली. झोपायला छान, पण वजनाला जड.

दुसरी नुसत्या हवेची. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण लोक जाडी पाहून ऊब ठरवतात. आत काहीच नसलेली हवेची गादी कितीही जाड असली तरी तिची आर-व्हॅल्यू एकच्या आसपास राहते. पोकळीतली हवा फिरत राहते आणि अंगाची उष्णता जमिनीला नेऊन देते. चांगल्या मॅटमध्ये आत लहान लहान कप्पे करून हवा अडवतात आणि उष्णता परत फेकणारे चकाकते पडदे बसवतात. म्हणूनच थर्म-अ-रेस्टची निओएअर एक्सलाइट एनएक्सटी ही मॅट जेमतेम 370 ग्रॅमची असूनही तिची आर-व्हॅल्यू साडेचार आहे. या पडद्यांमुळे कूस बदलताना थोडी कुरकुर ऐकू येते. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी हे आधी तपासावं.

हवेची मॅट नीट लावणं हेसुद्धा एक काम आहे. ती टम्म फुगवून झोपलात तर अंग वर तरंगत राहतं आणि पाठ अवघडते. आधी पूर्ण फुगवा, कुशीवर आडवे व्हा, झडप बोटाने हळूच दाबून थोडी थोडी हवा सोडा. नितंबाचं हाड जमिनीला टेकायच्या बेतात आलं की थांबा. तोंडाने फुगवली असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. फुंकरीतली हवा अंगाइतकी गरम असते आणि बाहेर पाच अंश असेल तर थंड होताना साधारण दहा टक्के आक्रसते. मॅट मऊ पडली म्हणजे ती फुटलीच, असं नाही. फुंकरीबरोबर आत जाणारा ओलावा मात्र पुढे बुरशी धरतो, त्यामुळे सोबत मिळणारी फुगवायची पिशवी वापरलेली बरी.

हिमालयात, विशेषतः केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकला, मी दोन्ही एकत्र न्यायचा सल्ला देईन: खाली फोम, वर हवेची मॅट. आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. दोन आणि साडेचार मिळून साडेसहा, म्हणजे बर्फावरच्या रात्रीची सोय झाली. शिवाय फोममुळे काट्या-खड्यांपासून हवेच्या मॅटचं रक्षण होतं आणि मध्यरात्री ती फुसकी झालीच तरी अंगाखाली काहीतरी उरतं. ही जोडी फक्त ट्रेकरांपुरती नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. पण अमेरिकेच्या रॉकी पर्वतात सप्टेंबर-ऑक्टोबरात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी रस्त्यापासून दूर डोंगरात राहणारे लोकही बसायला फोमचा तुकडा आणि झोपायला उबदार हवेची मॅट, अशीच जोडी बाळगतात. दुर्बीण घेऊन तासन्‌तास ओल्या उतारावर बसायचं तर तो तुकडा लागतोच.

रुंदीकडे दुर्लक्ष करू नका. नेहमीची मॅट सुमारे 51 सेंटिमीटर रुंद असते. रुंद खांद्याच्या माणसाचे हात तिच्यावरून खाली, थंड जमिनीवर पडतात. अशांनी 64 सेंटिमीटरची मॅट घ्यावी, शे-दीडशे ग्रॅम वजन वाढलं तरी चालेल.

दुकानात मॅट फुगवायला लावा, तिच्यावर आपल्या नेहमीच्या कुशीवर दहा मिनिटं पडून राहा, लाजू नका. घरी आणल्यावर एक रात्र फरशीवर तिच्यावरच झोपा. भोक असेल तर साबणाच्या पाण्यात बुडबुडे दिसतात. जागा पुसून कोरडी करून पॅच लावायला पाच मिनिटं लागतात, पण पॅच सॅकमध्ये असायला हवा. आणि पैसे मोजकेच असतील तर यंदा बॅग थोडी साधी घ्या, पण मॅटवर काटकसर करू नका.