लाइफटाइम फक्त चार महिन्यांचं!

'मामा, प्रोजेक्टमध्ये काही टाइपच होत नाहीये!' रात्री साडेनऊला भाच्याचा फोन. सबमिशन दुसऱ्या दिवशी सकाळी. माझ्या पोटात गोळा! कारण त्याच्या लॅपटॉपवरचं ऑफिस मीच 'जमवलेलं'. एका वेबसाइटवर पाचशे रुपयांत 'लाइफटाइम की' मिळाली, तेव्हा ताईसमोर काय भाव खाल्ला होता! चार महिन्यांत लाइफटाइम संपलं. अशा स्वस्तातल्या की अनेकदा कंपन्यांच्या ठोक परवान्यातून फुटलेल्या असतात. कधीही बंद पडतात.

मग फोनवरूनच त्याला लिबरऑफिस डाउनलोड करायला लावलं. २०१०पासूनचं हे सॉफ्टवेअर चक्क फुकट आहे, शिवाय कायदेशीर. वर्डची फाइल उघडली. एक टेबल सरकलं, फॉन्ट थोडे हलले, पण साडेअकराला पीडीएफ तयार!

दुसऱ्या दिवशी मी गृहपाठ केला, तो तुमच्यासाठी. आधी बघा, शाळेनं ई-मेल आयडी दिलाय का? पात्र शाळांच्या मुलांना मायक्रोसॉफ्टचं ऑफिस ब्राउझरवर मोफत मिळतं. नेट चांगलं असेल तर गुगल डॉक्सही झकास. पैसेच मोजायचे तर 'ऑफिस होम २०२४' एकदाच घ्या, एका कॉम्प्युटरसाठी. घरात माणसं जास्त असतील तर '३६५ फॅमिली'ची वर्गणी सहा जणांत वापरता येते. कुणी स्वस्तात ऑफिस २०१९ देऊ केलं तर नको म्हणा. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय.

रविवारी भाच्यानं विचारलंच, 'मामा, ती की चोरीची होती?'

'हो रे,' म्हणालो. पाचशे रुपयांपेक्षा ते महाग पडलं.