वायर तोडली तरी वाजणारा भोंगा

मागच्या भागापर्यंत आपलं अलार्म पॅनेल घरात बसलं, दाराखिडक्यांना मॅग्नेटिक सेन्सर लागले, हॉलमध्ये पीआयआर लागला. आज राहिलेलं काम करू. घराबाहेरच्या भिंतीवर सायरन, म्हणजे आपला भोंगा, लावायचा आणि त्याची वायर पॅनेलला जोडायची.

दोन वायरी तर जोडायच्या, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण समजा, गणपतीला पाच दिवस गावी गेलात आणि घराला कुलूप आहे. अलार्मचं बाकी सगळं सामान आत. चोराच्या हाताला बाहेरून लागेल अशी एकच गोष्ट, ती म्हणजे हा भोंगा आणि त्याची वायर. साधा दोन वायरींचा भोंगा असेल, तर त्याने पक्कड काढून वायर तोडली की खेळ संपला. म्हणून आजचा नियम एकच. वायर तोडल्यावर भोंगा गप्प बसता कामा नये, उलट तेव्हाच वाजायला हवा.

आधी भोंगा नीट निवडा

बाजारात सारखेच दिसणारे तीन प्रकार मिळतात. पहिला नुसता हॉर्न स्पीकर, ८ ओहमचा. त्याला आवाज तयार करणारं सर्किट नसतं. त्याला थेट १२ व्होल्ट डीसी दिलं तर एकदा 'टक्' होईल आणि कॉइल तापून जळेल. दुसरा, आत सर्किट असलेला साधा सायरन. १२ व्होल्ट दिले की वाजतो, काढले की थांबतो. हा घराच्या आत लावायला उत्तम. तिसरा स्वतःची बॅटरी आणि टॅम्पर स्विच असलेला. बाहेरच्या भिंतीसाठी हाच घ्या.

तिसऱ्याचं काम समजून घ्या. पॅनेलकडून त्याला सतत १२ व्होल्ट मिळत राहतात. त्यावर त्याची बॅटरी चार्ज होते आणि तो शांत राहतो. हा पुरवठा तुटला की तो समजतो, कुणीतरी वायर तोडली, आणि स्वतःच्या बॅटरीवर ओरडायला लागतो.

कोणती वायर, किती जाड?

आपल्याला पाच कोर लागतात. दोन पुरवठ्याचे, एक ट्रिगरचा आणि दोन टॅम्परचे. सहा कोरची केबल घ्या, एक हाताशी राहील.

जाडीवर पैसे वाचवू नका. समजा पॅनेल ते भोंगा अंतर २० मीटर आहे. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे ४० मीटर तार झाली. भोंगा वाजताना ०.८ अँपिअर घेतो असं धरू. ०.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेत साधारण सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. ०.२ स्क्वेअर एमएमची बारीक तार वापरली तर पावणेतीन व्होल्ट जातात आणि १२चे सव्वानऊ उरतात. मग भोंगा वाजण्याऐवजी कण्हतो. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबलही नको. तिचा रोध जास्त असतो आणि स्क्रूखाली ती लवकर तुटते.

ही केबल २३० व्होल्टच्या वायरिंगच्या पाइपातून नेऊ नका, वेगळा पाइप टाका. बाहेर पडणारं भोक भोंग्याच्या बरोबर मागे पाडा, म्हणजे वायर दिसणारच नाही. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा, नाहीतर पावसाळ्यात पाणी त्यातून थेट घरात येईल. भोकाभोवती सिलिकॉन भरा, पण भोंग्याच्या तळाची पाणी निघायची फट बुजवू नका. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा.

जोडणी

सुरुवातीला पॅनेलचा मेन सप्लाय बंद करा आणि पॅनेलच्या बॅटरीची एक वायर काढा. दोन्ही. नुसता स्विच बंद करून हात घालू नका.

१. पुरवठा. पॅनेलच्या 'ऑक्स' प्लस-मायनसवरून भोंग्याच्या पुरवठ्याच्या प्लस-मायनसला. प्लस-मायनस उलट होऊ देऊ नका.

२. ट्रिगर. इथे बरेच जण चुकतात. पुष्कळ पॅनेलमध्ये 'बेल प्लस'वर कायम १२ व्होल्ट असतात आणि अलार्म झाला की 'बेल मायनस' जोडला जातो. काहींत उलट असतं. अंदाज करू नका, मोजा. हे मोजण्यापुरतं पॅनेल चालू करा. बेलच्या दोन टर्मिनलांमध्ये १ किलो-ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावा. मल्टिमीटरची काळी पिन ऑक्स मायनसला ठेवा, लाल पिन आधी एका आणि मग दुसऱ्या बेल टर्मिनलला लावा. अलार्म वाजवून पुन्हा मोजा. ज्याचं रीडिंग बदललं, ते ट्रिगरचं टर्मिनल. भोंग्याला प्लसचा ट्रिगर हवा की मायनसचा, हे त्याच्या माहितीपत्रकात बघा. अनेक भोंग्यांत त्यासाठी जंपर असतो.

३. टॅम्पर. झाकण उघडलं किंवा भोंगा भिंतीवरून उपटला की हा स्विच उघडतो. त्याच्या दोन वायरी पॅनेलच्या अशा झोनला द्या, जो २४ तास जागा असतो. या झोनचा रेझिस्टर भोंग्याच्या टोकाला, स्विचच्या सिरीजमध्ये लावा. सोपं पडतं म्हणून तो पॅनेलच्या डब्यातच लावला, तर बाहेर कुणी त्या दोन वायरी एकमेकींना चिकटवल्या तरी पॅनेलला सगळं ठीकच दिसेल. रेझिस्टरची किंमत पॅनेलच्या माहितीपत्रकातलीच घ्या.

भोंग्याची बॅटरी सगळ्यात शेवटी जोडा आणि कानात बोळे घाला. शिडीवर उभं असताना कानाजवळ ११० डेसिबल अचानक वाजले तर माणूस दचकून खाली येतो.

करंटचा हिशेब

पॅनेलच्या बेल आउटपुटला आणि ऑक्सला किती अँपिअर झेपतात, हे पत्रकात दिलेलं असतं. आतला आणि बाहेरचा भोंगा मिळून त्याहून जास्त घेत असतील, तर मध्ये रिले घालून वेगळा पुरवठा द्या. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायला विसरू नका, नाहीतर कॉइलचा झटका पॅनेलचा ट्रान्झिस्टर खाईल.

आता पॅनेलची बॅटरी. भोंगा पाच मिनिटं वाजला तर जेमतेम ०.०७ अँपिअर-अवर खर्च होतो. ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ते काहीच नाही. पण जुनी बॅटरी नुसत्या पॅनेलच्या लोडवर १२ व्होल्ट दाखवते आणि भोंगा सुरू होताच कोसळते. शिवाय लांबलेल्या लोडशेडिंगमध्ये ती संपली, तर बाहेरच्या भोंग्याचा पुरवठाही जातो. त्याला वाटतं वायर तोडली, आणि मध्यरात्री तो गल्ली जागी करतो. म्हणून भोंग्याला दोष देण्याआधी पॅनेलची बॅटरी बघा.

वाजण्याची वेळ पॅनेलमध्ये आणि भोंग्यातही मर्यादित ठेवा, पाच मिनिटं पुरतात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजाऱ्यांच्या सहनशक्तीची त्याहून कमी.

तपासल्याशिवाय शिडी आवरू नका

शेजाऱ्यांना आधी सांगा, मग पाच गोष्टी करा. अलार्म वाजवा. वाजत असताना भोंग्याच्या टोकाला व्होल्टेज मोजा. मेन सप्लाय बंद करून बॅटरीवर पुन्हा वाजवा. झाकण उघडून टॅम्पर बघा. आणि शेवटी पॅनेलच्या डब्यात पुरवठ्याची प्लस वायर काढा. भोंगा वाजला पाहिजे. नाही वाजला, तर त्याची बॅटरी मेलेली आहे किंवा जोडलीच नाही.

बरेच लोक पहिली चाचणी करून खाली उतरतात. ती चोर नसतानाची चाचणी झाली. चोर करेल ती पाचवी. दर सहा महिन्यांनी आणि गावी निघायच्या आठवडाभर आधी ती एकदा करा. तेव्हाच झाकण उघडून आतल्या मुंग्या आणि पालीची अंडीही साफ करा.

पुढच्या भागात हाच अलार्म तुमच्या मोबाइलवर फोन कसा लावतो ते पाहू. तोवर नमस्कार.